करारात नसलेलं कलम: डिरोझनच्या ट्रेडचं प्रकरण

जुलै २०१८. लॉस एंजेलिसमध्ये रात्र बरीच झाली होती. डिमार डिरोझन एका बर्गरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये असताना त्याला फोन आला की त्याच्या बास्केटबॉल संघाने, टोरंटो रॅप्टर्सने, त्याला सॅन अँटोनियो स्पर्सला देऊन टाकलं आहे. फोन संपल्यावरही आपण बराच वेळ गाडीतच बसून होतो, असं त्याने नंतर सांगितलं. रॅप्टर्ससाठी सर्वांत जास्त सामने (६७५) खेळलेला आणि सर्वांत जास्त गुण (१३,२९६) केलेला खेळाडू तो. नऊ हंगाम संपवून तो दहाव्याच्या तयारीत होता. आपण आता टोरंटोचे नाही, हे त्याला असं कळलं.

त्यानंतर त्याने इन्स्टाग्रामवर जे लिहिलं त्याचा आशय असा: सांगतात एक, होतं दुसरंच, यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, या खेळात निष्ठा म्हणून काही उरलेलं नाही.

अकरा महिन्यांनी, १३ जून २०१९ ला, रॅप्टर्स एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे विजेते झाले. संघाच्या इतिहासातलं पहिलंच विजेतेपद. त्यात सर्वांत मोठा वाटा डिरोझनच्या बदल्यात आलेल्या कवाय लेनर्डचा होता.

तेव्हापासून या ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, विषय निघाला की चाहते एका वाक्यात तो मिटवतात: चषक आला ना, मग कसली चर्चा? मला हे कधीच पटलेलं नाही. ट्रेडचा निर्णय योग्य होता असं माझं मत आहे, आणि तो चषक यायच्या आधीपासूनच योग्य होता. डिरोझनला ज्या पद्धतीने अंधारात ठेवलं गेलं ते चूक होतं, आणि चषक आल्यावरही ते चूकच आहे. वादात या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीचा विषय काढला की समोरचा दुसरीचं उत्तर देतो.

टोरंटोला त्याचं एवढं अप्रूप का होतं

रॅप्टर्स १९९५ मध्ये सुरू झाले. व्हँकूव्हरचा संघ २००१ मध्ये मेम्फिसला गेला आणि कॅनडात एनबीएचा हा एकच संघ उरला. या संघाच्या चाहत्यांनी पहिल्या पंधरा वर्षांत एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं: चांगला खेळाडू घडतो आणि निघून जातो. १९९८ मध्ये डेमन स्टॉडमायर गेला, २००० मध्ये ट्रेसी मॅकग्रेडी. विन्स कार्टर तर संघाचा जीव होता. डिसेंबर २००४ मध्ये तोही गेला आणि पुढे कितीतरी वर्षं तो टोरंटोत खेळायला आला की प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. २०१० मध्ये क्रिस बॉश मायामीला गेला.

बॉश गेला तेव्हा डिरोझन विशीतला, एकच हंगाम खेळलेला पोरगा होता. २००९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) नवव्या क्रमांकावर घेतलेला, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा. त्याने ट्विटरवर एवढंच लिहिलं की काळजी करू नका, मी आहे ना. तेव्हा त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नसेल. पण तो खरंच राहिला. २०१६ मध्ये त्याचा करार संपला, तो कुठेही जायला मोकळा होता, आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचं मैदान त्याच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर होतं. दुसऱ्या कुठल्याही संघाशी बोलणी न करता त्याने टोरंटोशी पाच वर्षांचा, १३ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला.

त्यातला व्यवहारही सांगायला हवा. पाचवं वर्ष देण्याची मुभा नियमाने फक्त स्वतःच्याच संघाला होती. बाकीचे संघ चारच वर्षांचा करार करू शकत होते. म्हणजे सर्वांत जास्त एकूण रक्कम टोरंटोतच होती. त्यामुळे त्याच्या निर्णयात निष्ठा होती आणि हिशेबही होता. पण हिशेब पक्का असूनही कार्टर, बॉश वगैरे गेलेच होते. म्हणून चाहत्यांनी हा राहणारा माणूस काळजाशी धरला, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. एनबीएतल्या इतक्या मोठ्या खेळाडूने असं बोलणं तेव्हा दुर्मीळ होतं. त्यानंतर काही दिवसांतच केविन लव्ह या दुसऱ्या एनबीए खेळाडूनेही आपल्या पॅनिक अ‍ॅटॅकबद्दल लिहिलं. टोरंटोने डिरोझनला जपलं. पाच महिन्यांनी त्याच खेळाडूला ट्रेडची बातमी कशी कळते हा प्रश्न लोकांना इतका का झोंबला, ते यावरून लक्षात येईल.

घरातच दोन तट

माझा मावसभाऊ टोरंटोजवळच्या मिसिसागात राहतो. तो २००४ मध्ये तिकडे गेला आणि त्याच हिवाळ्यात कार्टर गेला. ट्रेडची बातमी आली त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तो आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी जेवता जेवता भांडत होते. फोन स्पीकरवर होता. टोरंटोला तीन वर्षं हरवणाऱ्या क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स नुकताच लीगच्या पूर्व विभागातून पश्चिमेकडे, लेकर्सकडे गेला होता.

"घरचा माणूस होता रे तो," दादा म्हणाला. "सगळे गेले, हा राहिला. आणि आम्ही काय केलं? त्यालाच काढला."

"बाबा, तीन वर्षं तेच बघतोय आपण," मुलगी मागून बोलली. "क्लीव्हलंड आलं की घरी. मागच्या दोन वर्षांत तर चार-शून्य, चार-शून्य."

"आता लेब्रॉन गेला ना पण पूर्वेतून! आता तर याच संघाला संधी द्यायची."

"लेब्रॉन गेला म्हणून डिमार बदलणार आहे का?"

पुढची कित्येक वर्षं जे युक्तिवाद मी ऐकले त्यांतले बहुतेक त्या जेवणाच्या टेबलावर येऊन गेले होते. आणि मला कबूल केलं पाहिजे की त्या संध्याकाळी मी दादाच्या बाजूचा होतो.

आकडे काय म्हणत होते

मुलीचा मुद्दा आधी पाहू. २०१७-१८ मध्ये रॅप्टर्सने ५९ सामने जिंकले आणि पूर्व विभागात पहिला क्रमांक मिळवला. प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या, जिथे सातपैकी चार सामने जिंकायचे असतात) दुसऱ्या फेरीत क्लीव्हलंडने त्यांना ४-० ने धुतलं. तिसऱ्या सामन्यात डिरोझनचे १२ पैकी ३ नेम लागले, त्याने ८ गुण केले आणि अख्ख्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये तो बाकावर होता. तो सामना शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्सने बोर्डावर आपटून टाकलेल्या चेंडूने संपला. चौथ्या सामन्यात फाउलमुळे डिरोझनला बाहेर काढलं गेलं. आदल्या वर्षी याच फेरीत, याच संघाकडून ४-० ने हार झाली होती, आणि २०१६ मध्ये विभागाच्या अंतिम फेरीत ४-२ ने. लोक टोरंटोला चेष्टेने 'लेब्रॉन्टो' म्हणू लागले होते.

मे महिन्यात प्रशिक्षक ड्वेन केसी यांना काढून टाकलं. जूनमध्ये त्यांनाच वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या जागी त्यांचे सहायक निक नर्स आले.

संघाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांच्यापुढे कराराचं गणितही होतं. डिरोझनचा पगार वर्षाला २ कोटी ७७ लाख डॉलर आणि करार २०२१ पर्यंतचा, त्यातलं शेवटचं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर. काइल लाउरी ३२ वर्षांचा, सर्ज इबाका तिशीकडे झुकलेला, दोघांचे मोठे करार २०२० पर्यंत. लीगने ठरवलेल्या पगाराच्या मर्यादेच्या वर संघ केव्हाच गेला होता, त्यामुळे बाजारातून नवा मोठा खेळाडू विकत घेणं अशक्य होतं. संघ बदलायचा तर असलेला मोठा करार देऊन तेवढाच मोठा करार घ्यायचा, एवढा एकच रस्ता उरला होता.

त्याच वेळी सॅन अँटोनियोत कवाय लेनर्ड आणि संघ यांचं फाटलं होतं. २०१४ च्या अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू, दोनदा सर्वोत्तम बचावपटू. पण २०१७-१८ मध्ये मांडीच्या स्नायूच्या दुखण्यामुळे तो फक्त नऊ सामने खेळला होता. त्याला लॉस एंजेलिसला जायचं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला करारातून मोकळं होता येणार होतं.

व्यवहार असा ठरला: टोरंटोकडून डिरोझन, तरुण सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) याकोब पोल्टल आणि २०१९ चा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क. सॅन अँटोनियोकडून लेनर्ड (२ कोटी ३१ लाख) आणि डॅनी ग्रीन (१ कोटी). एनबीएत पगार जवळपास जुळल्याशिवाय असा ट्रेड होत नाही. इकडून सुमारे ३ कोटी ७ लाख गेले, तिकडून सुमारे ३ कोटी ३१ लाख आले.

ड्राफ्ट हक्काला लावलेली अट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघांना आधीचे क्रमांक मिळतात. तो हक्क पहिल्या वीस क्रमांकांत आला तर टोरंटोकडेच राहणार होता. लेनर्ड बरा झालाच नाही आणि संघ कोसळला, तर निदान चांगला ड्राफ्ट क्रमांक हातचा जाऊ नये, अशी ती तजवीज. संघ चांगला खेळला तरच तो हक्क जाणार, आणि तेव्हा तो शेवटून कुठेतरी असणार. झालंही तसंच. तो २९ वा क्रमांक ठरला आणि त्यावर स्पर्सनी केल्डन जॉन्सनला घेतलं.

पास्कल सियाकम, ओजी अनुनोबी, फ्रेड व्हॅनव्लीट ही तरुण मंडळी टोरंटोकडेच राहिली. लेनर्ड एका वर्षाने गेला असता तरी ग्रीनचा करारही तेव्हाच संपत होता, मागोमाग लाउरी आणि इबाकाचे. म्हणजे सगळं फसलं असतं तरी संघ २०२० मध्ये मोकळ्या हाताने नव्याने उभा राहू शकला असता. डिरोझनला ठेवलं असतं तर तीच माणसं, तेच वय वाढत जाणारं, आणि २०२१ पर्यंत बांधलेला पैसा. 'एका वर्षाच्या भाडेकरूसाठी घरचा माणूस दिला' असं तेव्हा बरेच जण म्हणाले, दादाही म्हणाला. पण भाडेकरू सोडून गेला तरी घर पडणार नाही, एवढी काळजी या व्यवहारात घेतलेली होती. निर्णय घेताना हातात जे होतं त्यावरूनच निर्णय तोलायचा असेल, तर १८ जुलै २०१८ ला हा निर्णय चांगला होता.

चार टप्पे

आता चषकाच्या युक्तिवादाकडे येतो. १२ मे २०१९, टोरंटो. दुसऱ्या फेरीत फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना. भारतात १३ मेची पहाट होती आणि मी घरचे उठू नयेत म्हणून आवाज बंद करून बघत होतो. बरोबरी ९०-९०, ४.२ सेकंद बाकी. चेंडू लेनर्डकडे. तो उजव्या कोपऱ्याकडे पळत गेला, समोर सात फुटी जोएल एम्बीड हात उंचावून. लेनर्डने एम्बीडच्या बोटांवरून उंच कमान काढत चेंडू टाकला. बजर वाजला. चेंडू रिंगवर आपटला, उडाला, पुन्हा आपटला. एक, दोन, तीन, चार. लेनर्ड रेषेबाहेर उकिडवा बसून वर बघत होता. चेंडू आत पडला. ९२-९०. सातव्या सामन्याचा निकाल बजरवरच्या बास्केटने लागण्याची एनबीएतली ती पहिलीच वेळ.

तो चेंडू चौथ्या टप्प्यानंतर बाहेर पडला असता तर जादा वेळ खेळावी लागली असती आणि त्यात काहीही झालं असतं. पुढे मिलवॉकीविरुद्ध संघ ०-२ ने मागे पडून ४-२ ने जिंकला. अंतिम फेरीत गोल्डन स्टेटचा केविन ड्युरंट पाचव्या सामन्यात जखमी झाला, क्ले थॉम्प्सन सहाव्यात. विजेतेपद टोरंटोने कमावलंच, त्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. हंगामाच्या मध्यात मार्क गॅसॉलला आणणं, लेनर्डला ८२ पैकी ६० च सामने खेळवून त्याचा पाय जपणं, सियाकमने अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात केलेले ३२ गुण, हे सगळं नियोजनाचं आणि मेहनतीचं फळ होतं. पण ज्यांचं सगळं मत त्या चार टप्प्यांवर उभं आहे, त्यांचं मत चेंडू बाहेर पडता तर उलटं झालं असतं. ज्या मताला रिंगचा एवढा आधार लागतो, त्यावरून डिरोझनच्या वेदनेचा निकाल लावता येत नाही.

शब्दाचं काय

डिरोझनचं म्हणणं असं की जुलैमध्ये लास व्हेगासच्या समर लीगच्या (उन्हाळ्यातल्या सराव स्पर्धेच्या) वेळी संघाशी त्याचं बोलणं झालं आणि आपल्याला ट्रेड करणार नाहीत असं त्याला सांगितलं गेलं. उजिरींनी नंतर पत्रकारांसमोर डिरोझनची आणि त्याच्या कुटुंबाची माफी मागितली. संवादात गफलत झाली, पुढच्या हंगामात त्याच्याकडून काय अपेक्षा आहेत याबद्दल आपण बोललो ही कदाचित आपली चूक, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

उजिरींची अडचण मला कळते. बोलणी चालू असताना 'तुला देण्याचा विचार आहे' असं खेळाडूला सांगितलं की ते एजंटकडे जातं, एजंटकडून पत्रकारांकडे, आणि समोरचा संघ भाव वाढवतो. ट्रेड फिसकटला तर दुखावलेला खेळाडू घेऊन हंगाम काढावा लागतो. म्हणून व्यवस्थापन गप्प राहतं. पण गप्प राहणं वेगळं आणि पुढच्या वर्षाच्या गप्पा मारणं वेगळं. ज्याला पुढच्या वर्षी आपण ठेवणार की नाही हे आपल्यालाच माहीत नाही, त्याच्याशी पुढच्या वर्षाबद्दल बोललो की त्याने काय समजायचं? 'मी आत्ता कशाचीच खात्री देऊ शकत नाही' एवढं एक वाक्य पुरेसं होतं. त्याने व्यवहाराचं काहीही बिघडलं नसतं. डिरोझनने नंतर मागणं मागितलं तेही तेवढंच: सांगितलं असतं तर मनाची तयारी केली असती.

काही चाहते म्हणतात की त्याने करारातच ट्रेडविरोधी कलम घालून घ्यायला हवं होतं, नाही घातलं तर तक्रार कशाला. हे नियम न बघता बोललेलं आहे. असं कलम मागायचं तर खेळाडूची लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघात चार वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०१६ मध्ये डिरोझनची सातच झाली होती. कागदावर त्याला ते संरक्षण मिळूच शकत नव्हतं. त्याच्याकडे होता तो फक्त शब्द.

आणि चाहते स्वतः शब्दच मोजतात, हे मला लेनर्डच्या बाबतीत दिसलं. जुलै २०१९ मध्ये लेनर्ड क्लिपर्सकडे गेला. टोरंटोत एकच वर्ष काढून, विजेतेपदानंतर महिन्याभरात. आधीचे कार्टर, बॉश यांच्यापेक्षा हे कितीतरी आखूड नातं. तरी ११ डिसेंबर २०१९ ला तो विजेतेपदाची अंगठी घ्यायला टोरंटोत आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. का? तो राहीन असं कधी म्हणालाच नव्हता. आला, खेळला, जिंकून दिलं, गेला. कुणाला काही वचन दिलं नव्हतं, त्यामुळे काही मोडलंही नाही. सॅन अँटोनियोत मात्र ३ जानेवारी २०१९ ला त्याच लेनर्डला 'गद्दार' म्हणून हिणवलं गेलं. त्या रात्री डिरोझनने कारकिर्दीतला पहिला ट्रिपल-डबल (तीन बाबतींत दोन आकडी कामगिरी) केला: २१ गुण, १४ रिबाउंड, ११ असिस्ट. स्पर्स १२५-१०७ ने जिंकले.

पुढचं थोडक्यात. लेनर्डशिवायच्या २०१९-२० मध्ये रॅप्टर्सनी ५३ जिंकले आणि १९ हरले. बोस्टनने त्यांना सात सामन्यांत बाहेर काढलं. पोल्टल २०२३ मध्ये परत टोरंटोला आला. डिरोझन स्पर्सनंतर शिकागोत गेला आणि २०२४ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडे, ज्यांचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. विजेतेपदाची अंगठी त्याला ना सॅन अँटोनियोत मिळाली, ना शिकागोत.

दादाचं आणि त्याच्या मुलीचं अजून एकमत नाही. चषकाच्या मिरवणुकीला मात्र दोघं एकत्र गेले होते. तिने सियाकमचा शर्ट घातला होता. त्याने डिरोझनचा, दहा नंबरचा, धुऊन धुऊन आकडा तडकलेला. मुलीने विचारलं, बाबा, आज हा? तो म्हणाला, आजच हा.

या प्रकरणातली एक रात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. २२ फेब्रुवारी २०१९, डिरोझन पहिल्यांदा पाहुणा म्हणून टोरंटोत खेळायला आला. पडद्यावर त्याच्या नऊ वर्षांची चित्रफीत लागली आणि सगळं मैदान उभं राहिलं. सामना चुरशीचा झाला, शेवटच्या मिनिटात स्पर्स पुढे होते आणि चेंडू डिरोझनच्या हातात होता. पंधराएक सेकंद उरली असताना लेनर्डने त्याच्या हातातून चेंडू हिसकावला, एकट्याने पलीकडे धावत गेला आणि डंक करून, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबून, टोरंटोला पुढे नेलं. सामना रॅप्टर्सनी १२०-११७ ने जिंकला. थोड्या वेळापूर्वी डिरोझनसाठी उभे राहिलेले तेच लोक आता लेनर्डसाठी उभे होते, आणि दादा त्यांच्यात होता. मी विचारलं, तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास का? "वाजवल्या रे," तो म्हणाला. "दोन्ही वेळा."